लिनक्सवर हायबरनेट कसं बसवायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

शुक्रवारी संध्याकाळी झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकला आणि सोमवारी उघडला, तर बॅटरी पार संपलेली. अर्धवट लिहिलेला मजकूर गेला, वाचायला म्हणून उघड्या ठेवलेल्या वीस टॅब गेल्या, टर्मिनलमध्ये सुरू असलेलं काम गेलं. लिनक्सवर नव्याने आलेल्या बऱ्याच जणांना हा अनुभव लवकरच येतो. झाकण मिटल्यावर मशीन सस्पेंड होतं. काम मेमरीतच राहतं, आणि मेमरी जागी ठेवायला थोडी थोडी वीज सतत लागते. ती संपली की मेमरी कोरी.

हायबरनेटमध्ये मेमरीतला सगळा ऐवज डिस्कवर उतरवून ठेवला जातो आणि मशीन पूर्ण बंद होतं. मग आठवडाभर चार्जर लावला नाही तरी फरक पडत नाही. पुन्हा चालू केलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो ऐवज डिस्कवरून मेमरीत परत भरतो आणि कर्सर होता तिथेच लुकलुकत असतो.

ही सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये कित्येक वर्षांपासून आहे, पण बहुतेक वितरणांत ती तयार मिळत नाही. उबुंटूने 12.04 या आवृत्तीपासून हायबरनेटचा पर्याय मेनूतून काढला, कारण बऱ्याच मशीनवर ते भरवशाने चालत नव्हतं. फेडोराने 33व्या आवृत्तीपासून डिस्कवरच्या स्वॅपऐवजी (मेमरी अपुरी पडली की वापरायच्या राखीव जागेऐवजी) झेडरॅम वापरायला सुरुवात केली. झेडरॅम म्हणजे मेमरीतच दाबून बसवलेला स्वॅप. वीज गेली की मेमरीबरोबर तोही जातो, त्यामुळे हायबरनेटसाठी त्याचा उपयोग नाही. म्हणून हे काम आपल्यालाच हाताने करावं लागतं. अर्ध्या-पाऊण तासाचं आहे, पण घाईत करू नये.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हायबरनेटची दोन कामं आहेत. झोपताना मेमरी डिस्कवर लिहायची हे एक, आणि उठताना ती नेमकी कुठे लिहिली होती ते कर्नलला सापडायचं हे दुसरं. पहिलं काम बहुतेकांचं बिनबोभाट होतं. फसतं ते दुसरं, आणि फसतं तेव्हा मशीन तक्रार करत नाही. नेहमीसारखं सुरू होतं, लॉगिनचा पडदा येतो, आणि आत गेल्यावर कळतं की कालचं काहीच उरलेलं नाही. हायबरनेट ‘चालत नाही’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी हेच विचारते: लिहिलं गेलं नाही, की सापडलं नाही? उत्तर मिळालं की दुरुस्ती अर्धी झालेली असते.

या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे, आणि घोटाळा होईल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

आत काय घडतं

हे वाचल्याशिवाय कमांडकडे वळू नका. स्वॅप किती मोठा हवा हा प्रश्न इथेच सुटतो.

हायबरनेटचा आदेश मिळाला की कर्नल आधी चालू असलेले सगळे प्रोग्रॅम गोठवतो, म्हणजे कोणीही मध्येच मेमरीत काही बदलू शकत नाही. मग मेमरीची एक प्रत काढायची असते, आणि ती प्रतसुद्धा मेमरीतच काढावी लागते. साहजिकच प्रत मेमरीच्या निम्म्याहून मोठी होऊ शकत नाही. मेमरी निम्म्यापेक्षा जास्त भरलेली असेल तर कर्नल काही पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, टाकून देतो (डिस्कवरून पुन्हा वाचता येतील अशी), काही स्वॅपमध्ये ढकलतो, आणि मग प्रत घेतो. ही प्रत दाबून लहान केली जाते आणि स्वॅपमध्ये लिहिली जाते. शेवटी स्वॅपच्या तोंडाशी एक खूण केली जाते, की इथे साधा स्वॅप नाही, झोपलेली मेमरी आहे. मग मशीन बंद.

कर्नल स्वतःहून प्रतीचा आकार एकूण मेमरीच्या दोन पंचमांशांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करतो. 16 जीबी मेमरी असेल तर साधारण साडेसहा जीबी. म्हणून काही जण सांगतात, की निम्मा स्वॅप पुरतो. पुरतोही, पण नेहमी नाही. मेमरी गच्च भरलेली असताना ढकललेली पानंही त्याच स्वॅपमध्ये जातात आणि प्रतही तिथेच जाते. जागा अपुरी पडली तर हायबरनेट होतच नाही, आणि नेमकं त्याच दिवशी तुम्हाला ते हवं असतं. माझा सल्ला साधा आहे: मेमरीएवढा स्वॅप ठेवा, वर एखादा जीबी जास्त. डिस्कवर जागा असेल तर इथे हात आखडू नका.

एसएसडी झिजेल ही भीती बऱ्याच जणांना असते. रोज एकदा 4 जीबी लिहिले तरी वर्षाचे दीड टीबीसुद्धा होत नाहीत. त्या धास्तीने हायबरनेट टाळण्यासारखं काही नाही.

आधी तपासणी

टर्मिनल उघडा आणि हे विचारा:

कॅट /सिस/पॉवर/स्टेट

इथे ‘सिस’ म्हणजे एस-वाय-एस. उत्तरात फ्रीझ, मेम आणि डिस्क असे शब्द दिसतील. ‘डिस्क’ हा शब्द असेल तर कर्नलची तयारी आहे. तो नसेल, तर बहुधा सिक्युअर बूट आडवा येतोय. त्याचीही एक तपासणी आहे:

कॅट /सिस/कर्नल/सिक्युरिटी/लॉकडाउन

चौकोनी कंसात ‘नन’ असेल तर रस्ता मोकळा आहे. कंस ‘इंटिग्रिटी’ किंवा ‘कॉन्फिडेन्शियालिटी’ या शब्दाभोवती असेल तर कर्नल कुलूपबंद आहे आणि हायबरनेट होऊ देणार नाही. हे कुलूप 5.4 पासून मूळ कर्नलमध्ये आहे, आणि बरीच वितरणं सिक्युअर बूट चालू असताना ते आपोआप लावतात. कारण रास्त आहे. सिक्युअर बूटमध्ये कर्नलवरची सही तपासली जाते, पण डिस्कवर उतरवलेल्या मेमरीवर सही नसते. कोणी डिस्क काढून त्या मेमरीत फेरफार केला, तर सही तपासलेला कर्नलही तो निमूट उचलून घेईल. तेव्हा अशा मशीनवर दोनातून एक निवडावं लागतं: सिक्युअर बूट की हायबरनेट. मी लॅपटॉपवर सिक्युअर बूट बंद केलं आहे आणि पूर्ण डिस्क कूटबद्ध ठेवली आहे. तुमच्या मशीनमध्ये कामाच्या ठिकाणची गोपनीय कागदपत्रं असतील, तर हा निर्णय तिथल्या जबाबदार माणसाला विचारूनच घ्या.

आता स्वॅप बघा:

स्वॅपऑन --शो

फ्री -एच

पहिल्या कमांडने स्वॅप कुठे आहे आणि केवढा आहे ते कळतं, दुसरीने एकूण मेमरी. पहिल्या यादीत फक्त झेडरॅम दिसत असेल तर डिस्कवर वेगळा स्वॅप करावा लागेल. झेडरॅम काढून टाकायची गरज नाही. रोजच्या कामाला तो राहू द्या, डिस्कवरचा स्वॅप फक्त झोपण्यासाठी वापरला जाईल.

स्वॅपची जागा

तुमच्याकडे आधीपासूनच मेमरीएवढं स्वॅप पार्टिशन (डिस्कचा स्वॅपसाठी वेगळा काढलेला भाग) असेल तर ही पायरी सोडून द्या. पार्टिशनवाल्यांचं पुढचं कामही सोपं आहे.

बाकीच्यांनी स्वॅप फाइल करावी. इन्स्टॉल करताना आपोआप झालेली फाइल साधारणपणे ‘/स्वॅपफाइल’ किंवा ‘/स्वॅप.आयएमजी’ या नावाने असते, आणि बहुतेक वेळा ती फारच लहान असते. आधी ती बंद करा (सुरुवातीचं ‘सुडो’ म्हणजे कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं):

सुडो स्वॅपऑफ /स्वॅपफाइल

मग नवी करा. खालचे आकडे 16 जीबी मेमरीसाठी आहेत. 17 गुणिले 1024 म्हणजे 17408, तेवढे एमबी:

सुडो डीडी आयएफ=/डेव्ह/झिरो ओएफ=/स्वॅपफाइल बीएस=1एम काउंट=17408 स्टेटस=प्रोग्रेस

इथे ‘1एम’ मधला एम मोठा. एंटर दाबण्याआधी ओएफच्या पुढचं नाव पुन्हा वाचा. डीडी विचारत नाही, सांगाल तिथे लिहीत सुटतं. तिथे चुकून डिस्कचं नाव पडलं तर सगळा डेटा जाईल. फाइल तयार झाली की:

सुडो सीएचमॉड 600 /स्वॅपफाइल

सुडो एमकेस्वॅप /स्वॅपफाइल

सुडो स्वॅपऑन /स्वॅपफाइल

600 विसरू नका. या फाइलमध्ये उद्या तुमची अख्खी मेमरी, पासवर्डसकट, जाऊन बसणार आहे. ती दुसऱ्या वापरकर्त्याला वाचता येता कामा नये.

मशीन दरवेळी सुरू होताना स्वॅप लागावा म्हणून ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या फाइलमध्ये एक ओळ हवी: /स्वॅपफाइल नन स्वॅप डिफॉल्ट्स 0 0. ती आधीच असेल तर दुसरी घालू नका.

तुमची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल मांडून ठेवायची पद्धत, बीटीआरएफएस असेल (फेडोरा डेस्कटॉपवर ती 33व्या आवृत्तीपासून नेहमीची आहे), तर डीडीच्या वाटेला जाऊ नका. तिथे स्वॅप फाइलचे नियम वेगळे आहेत. आधी स्वॅपसाठी स्वतंत्र सबव्हॉल्यूम (फाइल सिस्टिमचा वेगळा कप्पा) करा, कारण ज्या सबव्हॉल्यूममध्ये चालू स्वॅप फाइल असते त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेता येत नाही. मग फाइल करायला तयार कमांड आहे:

सुडो बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम क्रिएट /स्वॅप

सुडो बीटीआरएफएस फाइलसिस्टम एमकेस्वॅपफाइल --साइझ 17जी /स्वॅप/स्वॅपफाइल

ही कमांड बीटीआरएफएसच्या साधनांच्या 6.1 आणि त्यापुढच्या आवृत्तीत मिळते. परवानगी, स्वॅपची खूण, सगळं ती स्वतःच करते. त्यानंतर स्वॅपऑन आणि एफएसटॅबची ओळ वरच्यासारखीच, फक्त फाइलचा पत्ता बदलून.

पत्ता काढणं

इथे बसून नीट बघा. चुकणारे बहुतेक इथेच चुकतात.

स्वॅप पार्टिशन असेल तर पत्ता म्हणजे त्या पार्टिशनचा यूयूआयडी (त्याचा एकमेव ओळख-क्रमांक), बस्स. ‘सुडो बीएलकेआयडी’ चालवा, स्वॅप लिहिलेल्या ओळीतला यूयूआयडी टिपून घ्या.

स्वॅप फाइल असेल तर पत्त्याचे दोन भाग असतात. सुरुवातीला कर्नलला फाइल सिस्टिम वाचता येत नाही. फाइलचं नाव सांगून त्याला काही कळत नाही. त्याला सांगावं लागतं, की अमुक पार्टिशनवर जा आणि सुरुवातीपासून इतके ठोकळे पुढे मोज, तिथे माझी मेमरी आहे. पहिला भाग, म्हणजे फाइल ज्या पार्टिशनवर आहे त्याचा यूयूआयडी:

फाइंडएमएनटी -एनओ यूयूआयडी -टी /स्वॅपफाइल

यातले यूयूआयडी आणि टी मोठ्या अक्षरांत. आता बघा: एमकेस्वॅप चालवलं तेव्हा त्यानेही एक यूयूआयडी छापला होता. तो वापरायचा नाही. तो स्वॅप फाइलच्या पोटातला आहे, पार्टिशनचा नाही, आणि उठताना कर्नलला तो कुठेच दिसणार नाही. दोन्ही दिसायला सारखेच लांबलचक असतात, आणि एमकेस्वॅपचा पडद्यावर आयता समोर असतो म्हणून लोक तोच उचलतात.

दुसरा भाग, म्हणजे ठोकळ्यांचं अंतर. ईएक्सटी4 वर:

सुडो फाइलफ्रॅग -व्ही /स्वॅपफाइल

भला मोठा तक्ता येईल. त्यातली फक्त पहिली ओळ बघा, जिच्या डाव्या टोकाला शून्य आहे. त्या ओळीत आकड्यांच्या दोन जोड्या असतात. पहिली फाइलच्या आतली, ती शून्यापासून सुरू होते. दुसरी डिस्कवरची, ‘फिजिकल ऑफसेट’ या मथळ्याखालची. या दुसऱ्या जोडीतला पहिला आकडा आपल्याला हवा. समजा तिथे ‘38912..’ असं दिसलं, तर पुढचे दोन ठिपके सोडून 38912 लिहून घ्या.

बीटीआरएफएसवर फाइलफ्रॅग वापरू नका. ते तिथलं अंतर्गत मोजमाप दाखवतं, डिस्कवरची खरी जागा नाही. तिथे हे:

सुडो बीटीआरएफएस इन्स्पेक्ट-इंटर्नल मॅप-स्वॅपफाइल -आर /स्वॅप/स्वॅपफाइल

हा आकडा फाइलला चिकटलेला आहे. फाइल पुसून नवी केली, मोठी केली, दुसऱ्या डिस्कवर हलवली, की आकडा बदलतो. माझ्या लॅपटॉपवर हायबरनेट वर्षभर सुरळीत चालू होतं. मग मी मेमरी वाढवली, तिच्या हिशेबाने स्वॅप फाइल नव्याने मोठी केली, आणि आकडा बदलायचा राहून गेला. त्या रात्री निर्धास्त मनाने हायबरनेट केलं. मेमरी नव्या जागी व्यवस्थित लिहिली गेली. सकाळी कर्नलने जुन्या जागी पाहिलं, तिथे काही नव्हतं, आणि तो मुकाट्याने कोरा सुरू झाला. एका लेखाची चार पानं जतन केलेली नव्हती, ती गेली. तेव्हापासून एफएसटॅबमधल्या स्वॅपच्या ओळीच्या वर मी एक टीप लिहून ठेवली आहे: ‘ही फाइल बदलली तर ग्रबमधला आकडा बदल.’ (ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना कर्नलला उचलणारा प्रोग्रॅम; त्यात हा आकडा कसा लिहायचा ते पुढे येतंच.) तुम्हीही लिहून ठेवा. सहा महिन्यांनी हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

कर्नलला पत्ता कळवणं

‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ ही फाइल सुडोने उघडा. त्यात ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’ या मोठ्या अक्षरांतल्या नावाने सुरू होणारी ओळ आहे. तिच्या अवतरणचिन्हांत आधीपासून असलेल्या शब्दांना हात न लावता, शेवटी एक मोकळी जागा सोडून हे जोडा:

रिझ्यूम=यूयूआयडी=तुमचा-यूयूआयडी रिझ्यूम_ऑफसेट=38912

रिझ्यूम म्हणजे आर-ई-एस-यू-एम-ई, लहान अक्षरांत. यूयूआयडी हा शब्द मोठ्या अक्षरांत. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा नको. पार्टिशनवाल्यांनी रिझ्यूम_ऑफसेटचा भाग सोडून द्यायचा.

आता ग्रबला ही नोंद घ्यायला लावा. डेबियन, उबुंटू आणि त्यांच्या गोतावळ्यात ‘सुडो अपडेट-ग्रब’. आर्चवर ‘सुडो ग्रब-एमकेकॉन्फिग -ओ /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी’. फेडोरावर ही फाइल बदलत बसण्यापेक्षा ग्रबी नावाची कमांड सोयीची पडते:

सुडो ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल --आर्ग्स="रिझ्यूम=यूयूआयडी=तुमचा-यूयूआयडी रिझ्यूम_ऑफसेट=38912"

इथे ‘ऑल’ मोठ्या अक्षरांत.

अजून एक पायरी उरते. मुख्य प्रणाली सुरू होण्याआधी इनिटरॅमएफएस नावाची एक छोटी तात्पुरती प्रणाली चालते. झोपलेली मेमरी शोधून परत भरण्याचं काम तीच करते, कारण नंतर फार उशीर होतो: खऱ्या डिस्क एकदा माउंट झाल्या, म्हणजे वापरासाठी जोडल्या गेल्या, की जुनी मेमरी परत आणणं धोक्याचं असतं. म्हणून तिलाही तयार करावं लागतं.

डेबियन आणि उबुंटूवर ‘/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम’ या फाइलमध्ये एकच ओळ ठेवा: रिझ्यूम=यूयूआयडी=तुमचा-यूयूआयडी. या वेळी रिझ्यूमही मोठ्या अक्षरांत. मग ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’, यातलं ‘ऑल’ मात्र लहान.

आर्चवर ‘/ईटीसी/एमकेइनिटसीपीआयओ.कॉन्फ’ मधल्या हुक्सच्या (इनिटरॅमएफएसमधल्या पायऱ्यांच्या) यादीत ‘यूडेव्ह’ असेल, तर त्याच्या नंतर आणि ‘फाइलसिस्टम्स’च्या आधी ‘रिझ्यूम’ घाला. डिस्क कूटबद्ध असेल तर तो ‘एन्क्रिप्ट’ आणि ‘एलव्हीएम2’ यांच्याही नंतर यायला हवा, कारण कुलूप उघडल्याशिवाय आतलं सापडणार नाही. यादीत ‘सिस्टमडी’ हे हुक असेल तर रिझ्यूमची वेगळी गरज नाही. शेवटी ‘सुडो एमकेइनिटसीपीआयओ -पी’, पी मोठा.

फेडोरावर ‘/ईटीसी/ड्रॅकट.कॉन्फ.डी/’ मध्ये एक छोटी फाइल करून त्यात अ‍ॅड_ड्रॅकटमॉड्यूल्स+=" रिझ्यूम " ही ओळ घाला. अवतरणचिन्हांच्या आत दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी. मग ‘सुडो ड्रॅकट -एफ’.

सगळं झाल्यावर मशीन एकदा रीस्टार्ट करा आणि ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ चालवून बघा. तुम्ही घातलेले शब्द तिथे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर ग्रबची पायरी कुठेतरी राहिली आहे, पुढे जाऊ नका.

पहिली चाचणी

सगळं काम जतन करा, महत्त्वाच्या फाइल बंद करा. एक साधा संपादक उघडून त्यात एखादी ओळ लिहा आणि ती मात्र जतन करू नका. मग:

सुडो सिस्टमसीटीएल हायबरनेट

पडदा काळा होईल, डिस्क थोडा वेळ चालेल, आणि मशीन बंद होईल. एसएसडीवर काही सेकंदांचं काम आहे, फिरत्या डिस्कवर जास्त वेळ लागतो. मध्येच बटण दाबू नका. दिवे पूर्ण विझले की दहा-वीस सेकंद थांबून चालू करा. ग्रबचा मेनू आला तर नेहमीचाच कर्नल निवडा.

संपादकातली ओळ जशीच्या तशी असेल तर जमलं. तरी ‘अपटाइम’ चालवून खात्री करा. तिथे दोन मिनिटं दिसत असतील तर मशीन कोरं सुरू झालंय आणि संपादकाने स्वतःच ती ओळ वाचवून ठेवली होती. मूळ सुरुवातीपासूनचा वेळ दिसत असेल तर मेमरी खरोखर परत आली आहे.

कमांड देताच ‘पुरेसा स्वॅप नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर लिहिणंच झालं नाही. स्वॅपचा आकार आणि स्वॅपऑनची यादी पुन्हा बघा. फेडोरावर स्वॅप पुरेसा असूनही हाच नकार आला तर एसईलिनक्सने (कोणाला कशाला हात लावता येईल ते ठरवणाऱ्या सुरक्षा-व्यवस्थेने) अडवलं असण्याची शक्यता आहे. तिथे स्वॅप फाइलला ‘स्वॅपफाइल_टी’ हे लेबल लावावं लागतं. मशीन व्यवस्थित बंद झालं पण उठताना कोरं आलं, तर सापडलं नाही. यूयूआयडी, आकडा आणि इनिटरॅमएफएस, याच क्रमाने तपासा.

तिसरा प्रकार त्रासाचा आहे: मशीन उठतं, पण पडदा काळाच राहतो, किंवा झोपतानाच अडकतं. इथे बहुधा एखादा ड्रायव्हर दोषी असतो. कर्नलमध्ये यासाठी एक सुरेख सोय आहे, जिच्यात प्रत्यक्ष बंद न होता फक्त तालीम करता येते:

एको डिव्हायसेस | सुडो टी /सिस/पॉवर/पीएम_टेस्ट

सुडो सिस्टमसीटीएल हायबरनेट

एको म्हणजे ई-सी-एच-ओ आणि टी म्हणजे टी-ई-ई. मशीन सगळी उपकरणं झोपवेल, पाच सेकंद थांबेल आणि परत जागं होईल. इथेच अडकलं तर ड्रायव्हरचा दोष नक्की झाला, स्वॅप आणि पत्ता यांत खोदत बसायची गरज नाही. तालीम संपली की डिव्हायसेसच्या जागी ‘नन’ लिहून पहिली कमांड पुन्हा चालवा, नाहीतर पुढचं खरं हायबरनेटही तालीमच ठरेल. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तर ‘एनव्हिडिया-हायबरनेट’ आणि ‘एनव्हिडिया-रिझ्यूम’ या दोन सेवा चालू आहेत का ते आधी बघा. आणि मेमरी लिहून झाल्यावर मशीन बंदच होत नसेल, तर ‘/ईटीसी/सिस्टमडी/स्लीप.कॉन्फ’ मध्ये हायबरनेटमोड=शटडाउन करून पाहण्यासारखं आहे.

झाकणाला जोडणं

दरवेळी टर्मिनल कोण उघडणार? मला सर्वांत उपयोगी वाटतो तो मधला मार्ग: झाकण मिटलं की आधी सस्पेंड, आणि ठरावीक वेळ कोणी हात लावला नाही तर आपोआप हायबरनेट. जेवून येईपर्यंत मशीन क्षणात जागं होतं, आणि दोन दिवस विसरलं तरी काम सुरक्षित राहतं.

‘/ईटीसी/सिस्टमडी/स्लीप.कॉन्फ’ मध्ये ‘स्लीप’ या चौकोनी कंसातल्या मथळ्याखाली हायबरनेटडिलेसेक=60मिन अशी ओळ घाला. ‘/ईटीसी/सिस्टमडी/लॉगिनडी.कॉन्फ’ (एल-ओ-जी-आय-एन-डी, आय एकच) मध्ये ‘लॉगिन’ मथळ्याखाली हँडललिडस्विच=सस्पेंड-देन-हायबरनेट. या नावांत प्रत्येक इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असतं, उजवीकडची किंमत लहान अक्षरांत. मग रीस्टार्ट करा. लॉगिनडी ही सेवा चालू सत्रात रीस्टार्ट करायला जाऊ नका, त्यात उघडं सत्र कोसळू शकतं. केडीईसारखी काही डेस्कटॉप झाकणाचा ताबा स्वतःकडे घेतात, तिथे हीच निवड त्यांच्या पॉवर सेटिंगमध्ये करायची.

दोन धोके

पहिला, झोपलेल्या मशीनच्या डिस्कला दुसऱ्या प्रणालीतून हात लावू नका. एकाच मशीनवर दोन प्रणाली असतील तर लिनक्स हायबरनेट करून दुसरी सुरू करायची, तिथून लिनक्सच्या किंवा दोघांच्या सामायिक पार्टिशनवर काही लिहायचं, आणि मग लिनक्स उठवायचं, हे करू नका. झोपलेल्या मेमरीला वाटतं डिस्क जशी सोडली तशीच आहे. ती त्या जुन्या समजुतीवर लिहायला लागते आणि फाइल सिस्टिम उद्ध्वस्त होते. कर्नल अद्ययावत केल्या दिवशीही हायबरनेट करण्याआधी एकदा रीस्टार्ट करून घ्या. काही वितरणं चालू कर्नलची जुनी मॉड्यूल (गरजेप्रमाणे जोडले जाणारे भाग) लगेच पुसून टाकतात.

दुसरा धोका गुप्ततेचा. डिस्कवर उतरलेल्या मेमरीत तुमचे पासवर्ड आणि किल्ल्या असतात. लॅपटॉप चोरीला गेला तर त्या वाचता येतील. मूळ पार्टिशन लक्सने (लिनक्सच्या डिस्क कूटबद्ध करायच्या नेहमीच्या पद्धतीने) कूटबद्ध असेल आणि स्वॅप फाइल त्याच्याच आत असेल, तर मेमरीही आपोआप कुलपात राहते. मात्र काही जण स्वॅपला दरवेळी नवी, यादृच्छिक किल्ली लावतात. त्या स्वॅपवर हायबरनेट शक्य नाही, कारण उठताना जुनी किल्ली कोणाकडेच नसते.

आणि कधी उठता उठता मशीन पुन्हा पुन्हा अडकायला लागलं, तर घाबरून नव्याने इन्स्टॉल करू नका. ग्रबच्या मेनूवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोरिझ्यूम’ (एन-ओ-आर-ई-एस-यू-एम-ई) लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. कर्नल झोपलेली मेमरी बाजूला ठेवून कोरा सुरू होईल. जतन न केलेलं काम जाईल, डिस्कवरच्या फाइल राहतील. त्यानंतर स्वॅपऑन चालतं तेव्हा त्याला झोपेची जुनी खूण दिसते, ते ती पुसून टाकतं आणि स्वॅप पुन्हा साधा स्वॅप होतो.